माझ्या आत कुणीतरी हललं

उपासनेहून परत येताना माझ्या डाव्या पायातली चप्पल रस्त्यात राहिली आणि ते मला कळलंच नाही. कळलं ते माझ्या नवऱ्याला. प्रभाकर मागून चप्पल हातात घेऊन आले आणि हसून म्हणाले, "मॅडम, ही तुमचीच होय का?"

मी खाली पाहिलं. माझा उघडा तळवा उन्हाने तापलेल्या डांबरावर होता आणि मला ते डांबर लागत नव्हतं.

तेव्हा भिलाई मध्य प्रदेशात होतं. आम्ही सेक्टरमधल्या पोलाद कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहायचो. मी, प्रभाकर आणि त्यांची आई. प्रभाकर अमरावतीकडचे, कोक ओव्हनमध्ये ऑपरेटर. मी नागपूरची. लग्नाला बरीच वर्षं होऊनही आम्हाला मूल नव्हतं, आणि आता कुठे मला चौथा महिना लागला होता. मधे पोट बिघडून ताप येऊन गेला होता, तोही उतरला होता. त्यामुळे तळव्यांना मुंग्या येतात म्हटल्यावर सगळ्यांनी ते गर्भारपणावर ढकललं. आई म्हणाल्या, "होते असं. पाय वर घेऊन बस."

मी पाय वर घेऊन बसले. उठायला गेले तेव्हा गुडघ्यांनी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात भाताची पेज काढता काढता मी पातेल्यासकट खाली बसले. बसले म्हणजे पायच संपले. भात सगळीकडे सांडला होता आणि मी त्यात बसून आईंना हाक मारत होते.

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका तरुण मुलाला आता हाच आजार झाला आहे. त्याची आई परवा माझ्याकडे येऊन बसली. नुसती माझ्या पायांकडे पाहत राहिली. तिच्यासाठी हे लिहिते आहे.

बनवलेलं

आधी आमच्या घराबद्दल थोडं सांगते, नाहीतर पुढचं समजणार नाही.

आम्ही ख्रिस्ती. पण आमच्या सासूबाईंचा विश्वास उपासनेच्या तासापुरता नव्हता. जगात जे आहे ते कुणीतरी मन लावून बनवलेलं आहे, हे त्यांच्या अंगात मुरलं होतं. सुपेल्याच्या बाजारात त्या वाकडी वांगीही टोपलीत घ्यायच्या. भाजीवाली हसायची, तर म्हणायच्या, "हे बी त्यानंच बनवलं ना व बाई." आमच्या घरात कुणाच्या लेकराला काळं-कुरूप म्हणायची सोय नव्हती. कढत पेज त्या मोरीत ओतू द्यायच्या नाहीत. गार करून मग अंगणात. मुंग्या भाजतात म्हणून.

प्रभाकरांचंही एक होतं. कोक ओव्हन रविवार पाळत नाही, ती भट्टी कधीच विझत नाही. म्हणून शिफ्टप्रमाणे ज्या दिवशी सुट्टी येईल तो आमचा विसाव्याचा दिवस. त्या दिवशी ओव्हरटाइम नाही, माझं शिलाई मशीन बंद. ओळखीचे लोक सांगायचे, अरे, दोन पैसे जास्त मिळतील. हे म्हणायचे, "बनवनाऱ्यानं बी काम थांबवलं होतं. आपण काय त्याच्याहून मोठे लागून गेलो?"

मला हे सगळं आवडायचं. पण ते घरच्या वळणासारखं आवडायचं. त्याच्या खाली टेकायला काही आहे का, हे बघायची वेळ माझ्यावर आली नव्हती.

हातोडी

कारखान्याच्या मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टर मॅडमनी माझ्या गुडघ्यावर छोटी रबरी हातोडी मारली. पाय उडायला हवा होता. त्यांनी पुन्हा मारली, मग घोट्यावर, मग कोपरावर. प्रत्येक वेळी त्या हातोडीकडे नाही, माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या. मॅडम केरळच्या होत्या, हिंदी हळू बोलायच्या. त्या हळू बोलण्यामुळे मला वाटलं की बातमी बरी असेल.

पाठीच्या कण्यातून पाणी काढून तपासलं. मग त्यांनी आम्हा दोघांना समजावून सांगितलं. शरीरातल्या नसा म्हणजे विजेच्या तारा. तारेवर वेष्टण असतं. तुमच्याच शरीराने चुकून त्या वेष्टणावर हल्ला केला आहे. आजाराला नाव दोन परदेशी डॉक्टरांचं होतं. हल्ली लोक त्याला जीबीएस म्हणतात.

"ये नीचे से ऊपर चढ़ता है," त्या म्हणाल्या. "कहाँ रुकेगा, मैं नहीं बता सकती. रुकेगा ज़रूर. फिर ऊपर से नीचे उतरेगा. ज़्यादातर लोग ठीक होते हैं. पर साँस तक चढ़ गया, तो मशीन लगानी पड़ेगी."

प्रभाकरांनी विचारलं, "और बच्चा?"

वरच्या डॉक्टरांचं मत असं होतं की शरीरावर आधीच इतका ताण आहे, तर गर्भ काढून टाकण्याचा विचार करावा. मॅडमना स्वतःला नक्की सांगता येत नव्हतं. अशा अवस्थेतल्या बायका त्यांनी पाहिलेल्या नव्हत्या. "थोड़े दिन हैं सोचने के लिए. उसके बाद नहीं. फ़ैसला आप दोनों का है."

त्या गेल्यावर प्रभाकर स्टुलावर बसले. मला त्यांचा हात धरायचा होता, पण तोवर बोटांची पकड गेली होती. त्यांनीच माझा हात उचलून आपल्या हातात घेतला.

"मले तू पायजे," ते म्हणाले. "बाकी मले काई समजून नाही राह्यलं."

मी म्हटलं, "आईले विचारा."

मला वाटलं होतं, आई ठामपणे सांगतील. ज्या बाईला मुंगी भाजलेली चालत नाही, ती काय सांगणार हे मला माहीतच होतं. खरं म्हणजे मला तेच हवं होतं. दुसऱ्या कुणीतरी ठरवलं की मी मोकळी. आई संध्याकाळच्या भेटीच्या वेळेत आल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि बराच वेळ माझ्या कपाळावर हात ठेवून बसल्या. मग म्हणाल्या, "मी नाही सांगत. त्यानं लेकरूच बनवलं अन् तू काय आपोआप आली? तुले बी त्यानंच बनवलं. श्वास तुहा आहे. मी त्याच्यात हात नाही घालत."

मला तेव्हा त्यांचा राग आला. आज वाटतं, त्यांनी त्या दिवशी माझ्यापुढे जितकं डोकं झुकवलं तितकं कुणी झुकवलं नसेल.

मी मॅडमना एवढंच सांगितलं, "आज नहीं."

दुर्ग ते रायपूर

आजार वर चढत होता. हात गेले. मग मान. मग चेहरा असा झाला की हसू आलं तरी ओठांवर पोचेना. पाणी नाकातून परत यायला लागलं म्हणून नाकातून नळी घातली. बोलणं कुजबुजण्याइतकं उरलं.

मॅडम रोज येऊन सांगायच्या, एका श्वासात जितकं बोलता येईल तितकं बोला. आकडे मोजा म्हणायच्या. आकड्यांची मला भीती वाटायला लागली, काल किती होते ते आठवायचं. म्हणून मी स्टेशनांची नावं म्हणायला लागले. दुर्ग, भिलाई नगर, पॉवर हाऊस, भिलाई-३, कुम्हारी, सरोना, रायपूर. सुरुवातीला मी एका श्वासात रायपूर गाठत होते. मग गाडी कुम्हारीला थांबायला लागली. मग भिलाई-३ ला. मॅडमना नावं पाठ झाली. एक दिवस पॉवर हाऊसच्या पुढे माझ्याच्याने जाववेना. त्यांनी श्वासाची मशीन माझ्या खाटेजवळ आणून ठेवायला सांगितली.

ज्यांच्यावर ही वेळ आली आहे त्यांना मी खोटं सांगणार नाही. ती भीती वेगळी असते. दुखत काही नाही. पाठीत कळा येतात तेवढ्याच. पण आपण आत पूर्ण जागे असतो, आणि घर बाहेरून एकेक कडी लावून बंद होत जातं. डोळ्यावर माशी बसली तर ती उडेपर्यंत वाट पाहायची. मी प्रार्थना करायला जायची आणि शब्द यायचे नाहीत. कुणाला मागू? ज्याने बनवलं, त्याच्याच हातातून हे सुटलं का? की त्यानेच सोडलं?

मंडळीतली एक बाई भेटायला आली. चांगली बाई होती. तिने वाकून मला विचारलं, "शालिनी, देवापुढं काही कबूल करायचं राहिलंय का गं?"

माझ्या आधी आई बोलल्या. "तिचं श्वास घ्यायचं राहिलं आहे. तेवढं होऊ दे, मंग पाहू."

मला हसायचं होतं. चेहरा हलला नाही, पण डोळ्यातून पाणी आलं. आईंनी ते पदराने पुसलं आणि त्या बाईला चहा पाजायला घेऊन गेल्या.

प्रभाकर शिफ्ट सांभाळून यायचे. नळीतून पातळ डाळ द्यायची वेळ झाली की सिस्टरला म्हणायचे, "एक मिनिट." मग डोळे मिटून जेवणाआधीची प्रार्थना म्हणायचे, जशी घरी ताटावर म्हणायचो तशी. पहिल्यांदा सिस्टर चिडली. नंतर ती मोठी सिरिंज हातात धरून स्वतःच थांबायला लागली. एकदा हे आले नव्हते, तर तिनेच विचारलं, "आज आपकी प्रेयर कौन बोलेगा?" आणि मान खाली घालून उभी राहिली. पिवळं पाणी नळीतून खाली जाताना मी पाहत होते. ती डाळ कुठेतरी दुर्गजवळच्या रसमड्याच्या पलीकडच्या शेतातून आली असेल, असं मनात आलं. माझी जीभ तिला चाखत नव्हती, घसा गिळत नव्हता, तरी पोट ती घेत होतं. मी न सांगता घेत होतं.

गजभिये वहिनी

आमच्या शेजारच्या क्वार्टरमधल्या गजभिये वहिनी रोज दुपारी यायच्या. त्यांचे मिस्टर रेल्वेत होते. बौद्ध घर. त्यांच्या बैठकीत बाबासाहेबांचा मोठा फोटो, आणि वहिनी बोलायला एकदम सरळ. आमची चांगली मैत्री होती. पण देवाचा विषय निघाला की त्या हात झटकायच्या. "आमच्यात बनवनारा नाही, शालिनी. आमच्यात भाजी आहे. जेवाले ये."

त्या दुपारी त्या माझे केस धुवायला आल्या होत्या. खाटेच्या कडेला डोकं घेऊन, खाली बादली ठेवून, तांब्याने हळूहळू पाणी सोडत होत्या. त्यांची बोटं केसांतून फिरत होती आणि मधेच थांबली.

"एक विचारू? राग नको येऊ देऊ."

मी डोळ्यांनीच हो म्हटलं.

"तुह्या देवानं एवढं मन लावून बनवलं म्हणतेस. मंग हे असं कावून केलं त्यानं? तुह्याच संग? अन् आत्ता, पोटात लेकरू असताना?" त्यांचा आवाज चढला होता. रागच होता तो, माझ्या बाजूने आलेला.

मी उत्तर शोधलं. लहानपणापासून ऐकलेली खूप उत्तरं होती. त्यातलं एकही माझ्या त्या कुजबुजत्या श्वासाला पेलवणारं नव्हतं.

"मले मालूम नाही, वहिनी."

वहिनींनी तांब्या भरून घेतला. मग पुन्हा पाणी सोडायला लागल्या. "हे बरं बोलली," म्हणाल्या. "मालूम नाही म्हननारा मानूस मले पटते."

त्यांनी केस कोरडे केले, तेल लावलं, वेणी घातली. वेणी घालायची काही गरज नव्हती, मला सारखं या कुशीवरून त्या कुशीवर वळवत होते, ती विस्कटणारच होती. तरी त्यांनी घट्ट, नीट घातली. मी छताकडे बघत होते. माझा बनवणाऱ्यावर विश्वास आहे आणि यांचा नाही. पण माझ्या देहाला जणू कुणी जपून ठेवायला दिलाय अशा हाताने धरणाऱ्या त्या होत्या. हे कसं काय, याचा मी खूप विचार केला. अजूनही करते.

दुपार

आमच्या वॉर्डात बिसाहिन नावाची आया होती, जवळच्या खेड्यातली. मला ती नोनी म्हणायची, म्हणजे पोरी. अंगाला जखमा होऊ नयेत म्हणून थोड्या थोड्या वेळाने मला कुशीवर वळवायचं काम तिचं. खाटेवरून माणूस वळवताना ती लहान बाळाशी बोलावं तसं बोलायची. "झन डर्रा नोनी, सब बने हो जाही." भिऊ नकोस, सगळं ठीक होईल.

त्या दिवशी श्वासाची मशीन खाटेशेजारी उभी होती, अजून लावलेली नव्हती. मी पॉवर हाऊसच्या अलीकडे-पलीकडे होते. मॅडम सकाळीच सांगून गेल्या होत्या की गर्भाबद्दल आता ठरवावं लागेल. प्रभाकर ड्युटीवर होते. बिसाहिनने मला डाव्या कुशीवर वळवलं, पाठीशी उशी लावली, आणि ती चादर सारखी करत होती.

तेव्हा माझ्या आत कुणीतरी हललं.

आधी वाटलं आतडं असेल. मग पुन्हा. लहान, गोल, स्वतःच्या मर्जीने. पाण्यात मासोळीने वळावं तसं.

हे मी कसं सांगू, मला कळत नाही. माझ्या पायाचा अंगठा माझा राहिला नव्हता. पापणी पूर्ण मिटत नव्हती. माझ्याकडून कुणालाही काहीही देता येत नव्हतं, आणि ह्या बंद घराच्या अगदी आतल्या खोलीत कुणीतरी निवांत कूस बदललं होतं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं की ही बाई संपत आली आहे. माझ्या रक्ताने ते चाललं होतं, पण माझ्या इच्छेने नाही, बळाने नाही. मी त्याला बनवत नव्हते. माझ्यात ते बनवलं जात होतं. आयुष्यभर तोंडाने म्हटलेली गोष्ट माझ्यात घडत होती आणि मी फक्त त्याची जागा होते. मला भीती वाटली, पण ती आधीची भीती नव्हती. मोठ्या उंच छताखाली गेल्यावर आवाज आपोआप खाली येतो, तशी.

मी बिसाहिनकडे आणि मग पोटाकडे डोळे फिरवले. तिला लगेच कळलं. तिने स्वतःचा तळवा पोटावर ठेवला आणि वाट पाहिली. मग तिने माझा पडलेला हात मनगटाला धरून उचलला, आपला हात काढून घेतला आणि तिथे माझा ठेवला. वरून स्वतःचा हात दाबून धरला, म्हणजे माझा घसरू नये. आम्ही दोघी तशाच राहिलो.

मॅडम आल्यावर मी त्यांना म्हटलं, "रखना है."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पक्का?"

"पक्का."

मुठी

हे मी नवऱ्याला न विचारता सांगितलं होतं.

प्रभाकर आले तेव्हा मॅडमनी त्यांना दारातच सांगितलं. ते आत आले ते माझ्याकडे न बघता. "तू मले विचारलं बी नाही," एवढंच म्हणाले. मग, "तुले काई झालं तर मी काय करू? त्या लेकराले घेऊन कोनासमोर उभा राहू?" मला उत्तर द्यायचं होतं, पण एका श्वासात मावणारं नव्हतं. ते व्हरांड्यात गेले. परत आले नाहीत. दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेला एकट्या आई आल्या. मी डोळ्यांनी विचारलं. त्या म्हणाल्या, "येते तो. येऊ दे त्याच्या पायानं."

आणि ते आले. शिफ्टवरून थेट, आंघोळ न करता, कानांच्या पाळ्यांत कोळशाची काळी भुकटी तशीच. स्टुलावर बसले आणि स्वतःच्या हातांकडे बघत बोलले.

"मी एवढे वर्षं मंडळीत उभं राहून म्हनत आलो का सगळं त्याच्या हाती आहे. सोपं होतं म्हनाले. आता खरंच देऊन टाकाची पाळी आली, तं माह्या मुठीच उघडून नाही राह्यल्या, शालू. काल दिवसभर ओव्हनसमोर उभा होतो अन् एवढंच पाहून राह्यलो होतो, का मुठी कशा घट्ट आहेत."

मग त्यांनी तो काळा हात चादर खराब होईल याचा विचार न करता माझ्या पोटावर ठेवला. बाळ काही हललं नाही. ते हसले. "बापावर गेलं. बोलावलं तं येत नाही."

मी योग्य केलं की अयोग्य, हे मी आजही ठरवलेलं नाही. दुसऱ्या एखाद्या बाईने दुसरं ठरवलं असतं तर तिला मी चुकली म्हणणार नाही. तो आतला दरवाजा ज्याचा त्याचा असतो. मी फक्त माझ्यापुरतं सांगते आहे.

वरून खाली

मशीन लावायची वेळ आली नाही. आजार पॉवर हाऊसला येऊन थांबला. तिथे खूप दिवस उभा राहिला. मग एका सकाळी मॅडमनी श्वास घ्यायला सांगितलं आणि मी भिलाई-३ म्हणाले. मॅडमनी चष्मा काढून पुसला.

जसं त्या म्हणाल्या होत्या तसंच, वरून खाली उतरायला लागलं. पहिलं हसू चेहऱ्याच्या एकाच बाजूला आलं. वहिनी म्हणाल्या, "अर्धंच? बाकीचं उधार का?" मग पाण्याचा पहिला घोट. चमचाभर पाणी घशाने धरलं, क्षणभर ठेवलं, आणि खाली सोडलं. मी रडायला लागले. एक घोट पाणी गिळायला किती लहान लहान स्नायू एकमेकांना हाक देतात, कोण आधी, कोण मागून, हे जन्मभर माझ्या आत चाललं होतं आणि मी कधी वळूनसुद्धा पाहिलं नव्हतं. मग खांदा, मग कोपर. उजवा अंगठा हलला त्या दिवशी बिसाहिनने शेजारच्या सगळ्या खाटांना तो दाखवला.

पण एक गोष्ट सांगितली नाही तर हे लिहिणं खोटं होईल. माझ्या समोरच्या खाटेवर कुम्हारीची एक कॉलेजात जाणारी मुलगी होती, मेंदूच्या तापाने आलेली. तिची आई खाटेच्या पायथ्याशी बसून दिवसभर देवाचं नाव घ्यायची. माझा अंगठा हलला त्याच आठवड्यात ती मुलगी गेली. तिच्या आईने सामान आवरलं, जाताना माझ्याजवळ आली आणि माझ्या पोटावरून हात फिरवून गेली. मी तिला काय म्हणणार होते? देवाने मला राखलं, हे वाक्य तेव्हापासून माझ्या तोंडून निघत नाही. कारण मग पुढचा प्रश्न विचारावा लागतो.

शेवटच्या महिन्यात मी त्या वाढलेल्या पोटासकट दोन समांतर दांड्यांच्या मधे उभी राहायला शिकत होते. पोटाचं ओझं पुढे ओढायचं, पाय मागे राहायचे. कळा सुरू झाल्या तेव्हा मी मॅडमना विचारलं, माझ्या पोटाला ताकद नाही, मी कसं करू? त्या म्हणाल्या, "गर्भाशय आपसे पूछकर काम नहीं करता. उसकी तारें अलग हैं. वो अपना काम जानता है." आणि खरंच, ज्या देहाला खाटेवरून उठता येत नव्हतं त्या देहात तो जोर कुठून आला, मी थक्क होऊन बघत राहिले. शेवटी मॅडमनी चिमटा लावून मदत केली. मुलगी झाली.

माझ्या हातांत तिला धरायचं बळ नव्हतं. वहिनींनी तिला माझ्या छातीशी धरलं. तिने तोंड फिरवून शोधलं आणि ओढायला लागली. तिला कुणी शिकवलं होतं?

नाव प्रभाकरांनी ठेवलं, रेणू. म्हणजे धुळीचा कण. वहिनी म्हणाल्या, "भिलाईत धूळ काई कमी नाही पडायची."

साक्ष

रेणूच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी मी काठी घेऊन चालत होते. डावं पाऊल आजही पूर्ण उचललं जात नाही, मी पट्ट्याचे सँडल घालते. वहिनींना बोलावलं होतं, त्या इस्त्रीची पांढरी साडी नेसून आल्या आणि सगळ्यात मागच्या बाकावर बसल्या.

विधी झाल्यावर पाळकबाबांनी मला साक्ष द्यायला बोलावलं. लोकांना चमत्कार ऐकायचा होता. मी पुढे काठीवर उभी राहिले आणि मला कुम्हारीची ती आई दिसायला लागली. मी म्हटलं, "माझ्यावर हे का आलं मला माहीत नाही. मी का उठले आणि दुसरी का नाही, तेही माहीत नाही. मी पडून होते तेव्हा एक बाई मला कुशीवर वळवत होती, एक बाई माझे केस धूत होती, आणि आत एक मूल बनत होतं. या तिन्हींपैकी माझं काहीच नव्हतं. मला कळलं ते एवढंच, की मी बनवलेली आहे. त्याआधी मी ते नुसतं म्हणत होते."

कुणी हालेलुया म्हटलं नाही. आई मात्र पहिल्या रांगेत पदर डोळ्याला लावून बसल्या होत्या.

बाहेर आल्यावर प्रभाकर आईंना घेऊन सायकलवर पुढे गेले. मी, वहिनी आणि रेणू सायकल रिक्षात बसलो. रिक्षावाला सीटवर चढून निघायच्या तयारीत होता. रेणू वहिनींच्या मांडीवर होती. तिने हात वर केला, हवेत काहीतरी शोधलं आणि वहिनींचं बोट पकडलं.

वहिनी तो हात डोळ्यांजवळ नेऊन बघायला लागल्या. पाचही बोटं, त्यावरच्या तांदळाच्या कणीएवढ्या नखांसकट.

मी म्हटलं, "काय पाहून राहिल्या, वहिनी?"

"कोनं बनवलं ते तू पाह्य," त्या हळूच म्हणाल्या. "मी हे पाहून राहिली."

मीही वाकले. आम्ही दोघी पाहतच राहिलो. कुठे जायचं, हे रिक्षावाल्याला कितव्यांदा तरी विचारावं लागलं.